आप्पांच्या कॉमिकच्या दुकानातला दसरा

माझा धंदा काय, हे सांगायचं म्हटलं की दरवेळी पंचाईत होते. "कॉमिकची पुस्तकं दुकानांना पोचवते," असं म्हटलं की समोरचं माणूस आधी हसतं आणि मग विचारतं, "म्हंजी पोरासोरांची पुस्तकं व्हय?" मी म्हणते, "व्हय, पोरासोरांचीच. आता त्यातल्या निम्म्यांना टक्कल पडलंय, तेवढाच काय तो फरक." माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. नवरा तर म्हणतो, पार्सलवर 'जपून हाताळा' असं लिहायची गरजच नाही, तू नुसती शेजारी उभी राहा.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागं सासऱ्यांची पेपरची एजन्सी होती. त्यांच्यानंतर ती मी धरली. मोबाइलपायी पेपर घेणारी घरं कमी कमी होत गेली, आणि माझ्या हातात एक जुनी व्हॅन, चार ओळखी आणि पहाटे उठायची सवय एवढंच उरलं. त्याच सुमाराला पुण्यातल्या एका लहान प्रकाशकानं विचारलं, आमच्या चित्रकथा तुमच्या भागात पोचवाल का? म्हटलं, पोचवीन की, त्यात काय! माहेरचे माझे आजोबा मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि पावसाळ्याआधी परत यायचे. ते मेंढरं हाकायचे, मी खोकी हाकते. खोकी बरी, वाटेत कुणाच्या रानात शिरत नाहीत.

आता माझ्याकडं तीन दुकानं आहेत आणि तिन्ही खास कॉमिकची. म्हणजे तिथं वही मिळत नाही, पेन मिळत नाही, झेरॉक्स निघत नाही. एक शिरूरला, तिथं रांजणगावच्या कंपन्यांमधली तरुण मंडळी येतात. दुसरं कोरेगाव भीमाला, तिथं आसपासच्या कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तरेकडच्या लोकांमुळं हिंदी कॉमिकं जोरात जातात. आणि तिसरं दौंडला, आप्पांचं. ही सगळी हकिगत त्या दौंडच्या दुकानाची आहे.

धंद्याची रीत आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. पेपरच्या धंद्यात न खपलेला माल परत जातो. कॉमिकच्या धंद्यात परत जाणं नाही. प्रकाशक दोन महिने आधी यादी पाठवतो, कुठलं पुस्तक येणार, कसं असणार. दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांना विचारतो आणि आकडा लिहून देतो. तेवढीच पुस्तकं छापून येतात आणि आली की ती दुकानदाराची. त्यामुळं आकडा लिहिताना भल्याभल्यांचा हात थांबतो. आमच्याकडं तर तोंडावर "नको" म्हणायची पद्धतच नाही. "बघू की," "टाका दोन-चार," असली उत्तरं. सुरुवातीला मी त्या "बघू की"वर विसंबून राहिले आणि चांगली तोंडघशी पडले. आता मी दुकानदाराला समोर बसवून आकडा लिहून घेते, मग तो रुसला तरी चालेल.

आणि गिऱ्हाइकं? बाप रे! हे लोक पुस्तक हातात घेतलं की आधी गोष्ट बघत नाहीत, कोपरे बघतात. कोपरा दबलाय का, पाठीवर रेघ पडलीय का, मुखपृष्ठावर बोटाचा ठसा उठलाय का. पुस्तक प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद येतं आणि काही जण ते पाकीट जन्मात उघडत नाहीत. वाचायला दुसरी प्रत घेतात. इनामगावला नदीकाठी उकरून हजारो वर्षांपूर्वीची गाडगी काढली, ती तेव्हाच्या बायकांनीसुद्धा इतकी जपली नसतील. पण मला हे लोक आवडतात, खरंच आवडतात. एखाद्या गोष्टीवर इतका जीव लावणारं माणूस हल्ली कुठं बघायला मिळतं?

तर आप्पा. आप्पा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर दौंडमधली बाकीची मंडळी पारावर बसतात, देवळात जातात, गुडघ्यांबद्दल बोलतात. आप्पांनी कॉमिकचं दुकान काढायचं ठरवलं. ड्युटीवर असताना ठिकठिकाणच्या स्टेशनांवर त्यांनी आयुष्यभर कॉमिकं घेतली होती आणि ट्रंकेत भरून पलंगाखाली ठेवली होती. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत काढायचं होतं, आणि तिथंच घोडं अडलं. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ती खोली ब्यूटी पार्लरला भाड्यानं द्यायची होती.

"जन्मभर गाड्या हाकल्या, आन् आता म्हातारपणी चित्रं इकनार," असं काकू माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. मला हसू आलं, पण आप्पांचं तोंड बघून गिळलं. शेवटी दोघांत करार झाला. गुढी पाडव्यापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत दुकान चालवून बघायचं. त्या दिवशी काकू म्हणतील ते. त्या हो म्हणाल्या तर दुकान, नाही म्हणाल्या तर पार्लर. आप्पांनी मान डोलावली आणि पहिली ऑर्डर लिहून दिली.

दुकान बरं चाललं होतं. कुरकुंभच्या कारखान्यांतली पोरं यायची, राहूचा एक गुऱ्हाळवाला दर पंधरा दिवसांनी यायचा, पुण्याहून रेल्वेनं येणारेही चार-दोन होते. पण काकू त्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या. चहा द्यायचा झाला तरी पडद्याआडून हात पुढं यायचा, कप ठेवायचा आणि मागं जायचा. आप्पा हसून म्हणायचे, "सिग्नल पडला न्हाई अजून." हसायचे खरे, पण त्यांना ते लागत होतं.

त्या वर्षी दसऱ्याला एक मोठं पुस्तक यायचं होतं. धरणात बुडालेल्या गावाची चित्रकथा, पहिला भाग. काळंभोर मुखपृष्ठ, आत प्रत्येक प्रतीवर चित्रकाराची सही आणि क्रमांक. एकदाच छापणार, पुन्हा नाही. आप्पांनी छातीवर हात ठेवून चाळीस लिहिले आणि चाळीसच्या चाळीस गिऱ्हाइकांनी आधीच धरून ठेवल्या. दसऱ्याला सुट्टी असते म्हणून त्या दिवशी दुपारी सगळ्यांना न्यायला बोलावलं होतं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी खोकी घेऊन दौंडला गेले. आप्पा डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते, दार काकूंनी उघडलं. मी खोकी खोलीत नेऊन ठेवली आणि बजावलं, "काकू, हा आमचा वर्षातला सगळ्यात मोलाचा माल हाय बरं का. ह्याच्यावर आप्पांचं सगळं दुकान उभं हाय. जपा."

"सगळं दुकान?" काकूंनी विचारलं.

"सगळं," मी म्हणाले, आणि पुढच्या गावाला निघून गेले. मला वाटलं, मी फार शहाणपणाचं बोलले.

दसऱ्याला दुपारी मी आपट्याची पानं द्यायला म्हणून दौंडला गेले. खरं तर पुस्तकं गिऱ्हाइकांच्या हातात पडताना बघायची होती. घराच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. दुकानाच्या दारालाही तोरण होतं, आणि ते मी पहिल्यांदाच बघत होते. आत गेले. टेबलावर पांढरं धुतलेलं कापड, त्यावर चाळीस पुस्तकं ओळीनं मांडलेली. एकाही पुस्तकावर प्लास्टिकचं पाकीट नाही. प्रत्येक काळ्या मुखपृष्ठाच्या मधोमध हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट. वर झेंडूचं एकेक फूल आणि अक्षता.

"अगं आई गं!" माझ्या तोंडून निघालं.

आप्पांनी चटकन माझ्या दंडाला धरलं आणि पडद्याकडं बघितलं. आत काकूंच्या पुरणाचा वास सुटला होता.

"ताई, हळू," आप्पा कुजबुजले. "काल दिवसभर बसून तिनं एकटीनं केलं हे. मला पत्ता न्हाई, मी सामान आणायला गेलो हुतो."

"आप्पा, चाळीस! चाळीसच्या चाळीस!" मी दात-ओठ खात म्हणाले. "परत घेणार न्हाईत ते. आणि तुमची ती पोरं हात तरी लावतील का ह्याला?"

"म्हाईत हाय मला." आप्पांचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर राग नव्हता. "सहा महिनं झालं, तिनं ह्या खोलीत पाय टाकला नव्हता. काल टाकला. पुस्तकं गेली तर जाऊ द्यात. तिला काय बोलू नका."

मी, जी एसटीच्या ड्रायव्हरला भर स्टँडवर ऐकवते, ती तोंड मिटून स्टुलावर बसले. जन्मात इतकं अवघड काम केलं नव्हतं.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. चेहरा असा खुललेला की बघत राहावं. "पोरी, आलीस व्हय? तू म्हनालीस मोलाचा माल हाय, सगळं दुकान त्याच्यावर हाय. मग म्हटलं, खंडेनवमीची पूजा नीटच व्हायला पायजे. ती प्लास्टिकं काढता काढता बोटं दुखली बघ. पन प्लास्टिकवरनं कुनी कुंकू लावतं व्हय?" त्यांनी मला पुरणपोळी वाढली. मी खाल्ली. चांगली होती.

पहिलं गिऱ्हाइक आलं ते कुरकुंभच्या कारखान्यातला इंजिनिअर. सज्जन मुलगा. त्यानं टेबल बघितलं आणि जागच्या जागी थांबला. आप्पांनी त्याला खुणावलं, पण त्याला काही ती खूण कळली नाही.

"काका, ह्याच्यावर काहीतरी सांडलंय," तो म्हणाला. "सगळ्यांवरच. माझी प्रत तरी चांगली आहे ना?"

"सांडलं न्हाई," काकू पडद्यापाशी उभ्या होत्या. "मी लावलंय. दसरा हाय आज."

बिचारा लाजून लाल झाला. मग त्यानं फार हळुवारपणे त्यांना सांगितलं, की आजी, ही पुस्तकं आम्ही जपून ठेवतो, पाकीट फोडलं की त्यांचं मोल राहत नाही, आणि डाग पडला की मुळीच नाही. त्याचा एकही शब्द वाकडा नव्हता. पण काकूंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी टेबलाकडं एकदा बघितलं, स्वतःच्या पिवळ्या बोटांकडं बघितलं आणि आत निघून गेल्या. पडदा ओढला गेला. आप्पा तसेच उभे राहिले. त्या वेळी मला माझा स्वतःचाच इतका राग आला की काय सांगू. त्यांना जपायला कुणी सांगितलं होतं? मीच ना! आणि जपायचं म्हणजे काय, कसं, हे सांगायला माझी जीभ नेमकी तिथंच आखूड पडली होती.

मग मी कामाला लागले. रडत बसायचा माझा स्वभाव नाही. आप्पांची यादी घेतली आणि त्यांनी आणि मी मिळून एकेकाला फोन लावला. खरं ते सांगितलं. काही जण हसले आणि म्हणाले, येतो, तशीच द्या. एकजण म्हणाला, आमच्या घरी गाडीच्या पाटीवरसुद्धा अजून स्वस्तिक आहे, मला चालतंय. राहूचा गुऱ्हाळवाला तर म्हणाला, "आमच्याकडं चरकाला बी कुंकू लावल्याबिगर ऊस घालत न्हाईत. मला माझं एक द्या, आन् कुनाला नको आसंल तर आनखी तीन द्या." त्याला मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला. पण सोळा जणांनी स्वच्छ सांगितलं की आम्हाला कोरी प्रत पाहिजे. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

शिरूरच्या दुकानात जास्तीच्या चार प्रती होत्या, त्या मी रुबाब करून काढून घेतल्या. बाकीच्यांसाठी कोरेगाव भीमाला गेले. तिथलं दुकान एक तरुण मुलगी चालवते, बौद्ध कुटुंबातली, हुशार आणि माझ्याइतकीच तोंडाळ. दसऱ्याला तिचं दुकान बंद होतं, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सगळं घर विहारात होतं. दुसऱ्या दिवशी भेटली. मी सगळं सांगितल्यावर ती पोट धरून हसली.

"मावशी, आमच्याकडं कुंकवाचा प्रश्नच न्हाई, त्यामुळं माझा माल कोराकरकरीत हाय," ती म्हणाली. मग हसू थांबवून विचारलं, "त्या काकू आता कशा हायत?"

"खोलीत येत न्हाईत," मी म्हणाले.

तिनं बारा प्रती मोजून दिल्या. त्या तिनं पुढं हळूहळू विकायला ठेवलेल्या होत्या आणि बदल्यात तिनं तेवढ्याच कुंकवाच्या प्रती घ्यायला नकार दिला नाही. "आमच्या बिहारी गिऱ्हाइकांना चालतील, चित्रांपायी मराठी पुस्तकं बी घेतात ते. उलट खूश होतील," म्हणाली. असं करत करत चाळीस गिऱ्हाइकांची चाळीस पुस्तकं झाली आणि कुंकू लावलेली एकच प्रत आप्पांच्या फळीवर उरली.

माल मार्गी लागला, पण काकू नाही लागल्या. मी एकदा मुद्दाम त्यांच्याकडं मागच्या दारानं गेले. त्या घेवडा मोडत बसल्या होत्या. म्हटलं, "काकू, चूक माझी हाय. मी नीट सांगितलं न्हाई."

"तू कशाला चुकशील," त्या मान वर न करता म्हणाल्या. "हात माझा हुता. मला त्यातलं काय कळत न्हाई. आता कशाला जायचं तिथं."

आप्पांनी दुकानात बसणं सुरू ठेवलं, पण मन उडालं होतं. डिसेंबर-जानेवारीची यादी आली तरी ऑर्डर लिहिली नाही. मी फोन केला तर म्हणाले, "पाडवा होऊ द्या. करार हाय." त्यांनी मनात निकाल लावलाच होता. ऑर्डर द्यायची मुदत पाडव्याच्याच दिवशी संपत होती. म्हणून मी फराळाचा डबा घेतला आणि यादीचा कागद पिशवीत टाकून दौंडला गेले. वाटेत व्हॅनमध्ये एकटीच बडबडत होते, काकूंना काय काय सांगायचं ते. सगळं पाठ केलं होतं.

मी पोचले तेव्हा काकू आप्पांना ओवाळत होत्या. पाटावर आप्पा बसलेले, डोक्यावर टोपी, कपाळाला कुंकू. पाडव्याला नवऱ्यानं ताटात ओवाळणी घालायची असते. आप्पांनी खिशात हात घातला आणि ताटात दुकानाची किल्ली ठेवली.

"घे," ते म्हणाले. "ठरल्यापरमानं. पार्लरवालीला सांग, खोली मोकळी करतो."

पाठ केलेलं सगळं मी विसरले. काकूंनी ताट खाली ठेवलं. किल्ली उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि कनवटीला खोचली.

"दिली ना मला?" त्यांनी विचारलं.

"दिली."

"मग दुकान आता माझं. पार्लर-बिर्लर काय न्हाई." त्या माझ्याकडं वळल्या. "पोरी, ती तुजी यादी का काय असती ती काढ. त्या बुडालेल्या गावाचा दुसरा भाग हाय का त्यात?"

"हाय," मी म्हणाले आणि पिशवीतनं कागद काढला.

"किती लिवायचं?"

"चाळीस जणांनी धरलाय," आप्पा पाटावरनं म्हणाले. ते हलले नव्हते, डोळ्यांतून पाणी मात्र खुशाल वाहत होतं.

"एक्केचाळीस लिव," काकू म्हणाल्या. "आन् फळीवरचं ते उरल्यालं पुस्तक इकायचं न्हाई. चाळीसच्या चाळीस माज्या हातानं उघडली मी, पन एकबी वाचलं न्हाई."